एका भाताची मुंबई

श्रीवर्धनच्या मोहल्ल्यातल्या तैयबाबीला कुणी विचारलं की मुंबई किती लांब, तर ती उलट विचारायची, "कंच्या महिन्यात?" आणि यात तिचं काही चुकत नव्हतं. दिवाळी ते शिमगा मुंबई आगबोटीनं एका रात्रीवर असायची. उन्हाळ्यात वारा उलटा फिरला की शिडाच्या पडावाला तीच मुंबई चार-चार दिवस हाती लागायची नाही. मृगाच्या तोंडावर बंदर बंद झालं की मग तर विचारायलाच नको. ज्याला जायचं त्यानं म्हसळ्यावरून डोंगर चढावा, माणगावची वाट धरावी, ओढे उतरायची वाट बघत देवळात नाहीतर मशिदीत पडून राहावं, आणि मुंबईला पोचल्यावर आपण कशासाठी आलो होतो ते आठवत बसावं. तैयबाबी स्वतः मुंबईला एकदाही गेली नव्हती. तरी मुंबईनं तिचं घर जेवढं खाल्लं तेवढं खाऱ्या वाऱ्यानं तिच्या दाराचं लाकूडही खाल्लं नसेल.

तिचा नवरा सिराजुद्दीन पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. बागाईतदारांची सुपारी आणि नारळ मुंबईला पोचवायचे, येताना रॉकेलचे डबे आणि कापडाचे गठ्ठे आणायचे, हा त्याचा धंदा. वाऱ्याशी त्याचं भावकीसारखं नातं होतं, म्हणजे रोजचं भांडण आणि सोडून जायची सोय नाही. तो गेला तोही मुंबईत, तापानं, ऐन श्रावणात. निरोप पायी आला. आला तेव्हा तैयबाबी त्याची फाटकी लुंगी दंड घालून शिवत बसली होती, आणि निरोप ऐकल्यावरही तिनं तो दंड पुरा केला, कारण हातांना दुसरं काही सुचेना. तिकडे कबरीवरची माती पावसानं बसूनसुद्धा गेली होती. तिला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही.

मुलगा एकच, इसहाक. बाप गेला आणि मिसरूड फुटायच्या आत तोही मुंबईला गेला. तिथून गोऱ्यांच्या जहाजावर आगवाला झाला. आगवाला म्हणजे जहाजाच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून कोळसा फेकणारा. एकदा गेला की त्याचं जहाज जग हिंडायचं. मधल्या काळात दोनदा ते मुंबईला लागलं होतं. एकदा भर पावसाळ्यात, तेव्हा इकडची वाटच बंद. आणि एकदा निरोप आला तोच मुळी जहाज सुटल्यावर. सात वर्षं झाली होती त्याला बघून. तैयबाबीचं आता अल्लाकडे एकच मागणं उरलं होतं, आणि ते ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागायची. बापाचं तोंड बघायला नाही मिळालं, मुलाचं तरी डोळे आहेत तोवर एकदा बघू दे. यापलीकडे तिला काही नको होतं.

अशात आभाळातून विमान जायला लागलं.

पहिल्यांदा ते किनाऱ्यावरून घरघरत गेलं तेव्हा बागेत सुपारी सोलायला बसलेल्या बायका सुपाऱ्या टाकून माजघरात शिरल्या. एकटी तैयबाबी उठली नाही. म्हणाली, नेऊन नेऊन माझं काय नेणार? पुढे लोकांची भीड चेपली. बुधवारी ते दक्षिणेकडे जायचं आणि गुरुवारी, ऊन कलायला लागलं की परत यायचं. शाळेतले हरेश्वर मास्तर एकदा बागेच्या गडग्यापाशी थांबून बायकांना समजावून सांगत होते, की हे मुंबईहून गोव्याला जातं, गोवा त्याला तीन तासांचं, आणि आपल्या डोक्यावरून मुंबई तर पाऊण तासाची.

"पाऊण तास म्हंजे किती वो, मास्तर?" तैयबाबीनं विचारलं. तिच्या घरात घड्याळ नव्हतं. नमाजाच्या पाच बांगा एवढंच तिचं घड्याळ.

मास्तरांनी डोकं खाजवलं. "असं करा, ते डोक्यावर आलं की चुलीवर भात ठेवा. लाकडं धड पेटवून. भात उतरवून, वाफ जिरवून तुम्ही झाकण काढेपर्यंत ते मुंबईत."

झालं. तेव्हापासून गुरुवारचा भात तैयबाबीनं विमानाच्या घरघरीवर टाकायला सुरुवात केली. तांदूळ आधीच धुऊन ठेवायची. आवाज आला की चुलीवर आधण, त्यात तांदूळ. मग भात शिजेपर्यंत तिचं तोंड उत्तरेकडे. आता मुरूड गेलं असेल, आता चौल, आता थळ, असं पुटपुटत ती लाकडं सारायची, आणि झाकण काढलं की मोठ्यानं म्हणायची, "पोचलं." शेजारपाजारच्या पोरी हसायच्या. एखादी मुद्दाम विचारायची, "खाला, आज भात कच्चा राहिला तर विमान समुद्रात पडंल का गं?" तैयबाबी पळी उगारायची आणि स्वतःही हसायची. पण हसून झालं की तिच्या मनात यायचं, की एका भाताची मुंबई होती तर मग सिराजुद्दीनच्या वेळी ही कुठे गेली होती?

पावसाळा लागला आणि विमानही यायचं थांबलं. मास्तर म्हणाले, मुंबईला ते उतरतं तिथे चिखल होतो, त्यामुळे आता चार महिने बंद. हे ऐकून तैयबाबीला असा संताप आला की विचारू नका. "म्हंजे ह्येचं बी बंदर बंद? येवढं आभाळ पडलंय मोकळं, आनि ह्येला बी नारळी पुनव पायजे?" त्यानंतर दोन-तीन गुरुवार तिनं चिडून भातच केला नाही, भाकरी थापली.

सन छत्तीसची गोष्ट. कापणी होऊन झोडणीचे दिवस होते. बुधवारी सकाळी मुंबईची बोट बंदरात लागली आणि तिच्यातून कोंडाजी उतरला. कोंडाजी हा शेजारच्या वाडीतला कुणबी. पावसाळ्यात भातशेती करायची आणि एरवी मुंबईला गोदीत हमाली. झोडणीसाठी तो घरी चालला होता, पण होडीतून उतरला तो घरी न जाता, ओल्या धोतरानं तडक मोहल्ल्यात आला. दारातूनच ओरडला.

"भाबी! इसहाक आलाय मुंबैला! गोदीच्या फाटकावर भेटला मला. ह्यो येवढा झालाय!"

तैयबाबीच्या हातातलं सूप खाली पडलं.

"त्याला गावाला यायला सोडत न्हाईत," कोंडाजी धापा टाकत सांगू लागला. "जहाजात माल भरतायत. शुक्कुरवारी रातीला जहाज सुटनार. त्याच्या आदी तुम्हीच या, म्हनलाय. भाऊच्या धक्क्यावर हुबा ऱ्हानार हाय. भाबी, आजची दुपारची बोट हाय. चला, मी बसवून देतो."

निरोप पोचवणारा कोंडाजीसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. इसहाकचं बोलणं रात्रभर बोटीत तो मनाशी घोकत आला होता. फक्त दारात आल्यावर त्यानं ते आपल्या तोंडच्या बोलीत सांगितलं, एवढंच. त्यात काही वाकडं झालं असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तैयबाबीनं बोटं मोडत हिशेब केला. आज बुधवार. उद्याच्या बोटीनं निघालं तर शुक्रवारी पहाटे मुंबई. मग रात्रीपर्यंत अख्खा दिवस आपला. आणि आज निघायचं तर रिकाम्या हातानं जायला हवं. सात वर्षांनी लेक भेटणार आणि आई रिकाम्या हातानं जाणार? इसहाकला लहानपणापासून सांदणांचं वेड. उकड्या तांदळाची, नारळाच्या रसातली, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार सांदणं. पण सांदण हे काही फोडणीच्या पोह्यांसारखं उभ्या उभ्या होत नाही. तांदूळ भिजवा, वाटा, शहाळ्याच्या आंबवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, पीठ फुगलं तरच सांदण.

"उद्याच्या बोटीनं जाते, कोंडाजी," ती म्हणाली. "शुक्करवारचा आक्खा दिस हाय की मला. येवढं मी सात वर्सांत मागितलं बी न्हवतं."

कोंडाजीलाही ते पटलं. न पटायला काय झालं?

तो बुधवार तैयबाबीच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस म्हणायला हवा. तिनं तांदूळ भिजवले. चांगली ओढणी धुऊन वाळत घातली. दुपारी विमान दक्षिणेकडे गेलं तेव्हा अंगणात उभी राहून तिनं त्याला चक्क बोट दाखवून बजावलं, "जा, गोवा करून ये. उद्या मी बी तुझ्याच वाटंनं हाय." आणि शेजारणींना हसू आलं तर ती त्यांच्याहून जास्त हसली. रात्री पिठाच्या टोपाला चादर गुंडाळून ती त्याच्याजवळच आडवी झाली. पीठ असं फुगलं, की सकाळी झाकण वर उचललेलं होतं.

गुरुवारी दुपारी ती बंदरावर आली ती नवरीसारखी. सांदणांची पाटी पांढऱ्या फडक्यात बांधलेली, ती कोंडाजीच्या डोक्यावर. हा भला माणूस झोडणी टाकून तिला बसवून द्यायला आला होता. बोट अजून यायची होती. पडावावर बसून बोटीपर्यंत जायचं, म्हणून उतारू वाळूत बसले होते. तिसऱ्या प्रहरची, असरची बांग झाली. तैयबाबीनं बाजूला होऊन नमाज पढली आणि परत येऊन बसताना सहज म्हणाली, "घरात उदबत्ती लावून आले लवकरच. जुम्याच्या रातीला घर अंधारात ठेवायचं बरं न्हाय वाटत. शेजारनीला सांगितलंय, मगरीबला दिवा लाव म्हनून."

"जुम्याची रात उद्या की वो, भाबी," कोंडाजी म्हणाला. "आज गुरुवार हाय."

तैयबाबीला हसू आलं. "येवढी वर्सं मोहल्ल्याच्या शेजारी काढलीस, आनि येवढं बी ठावं न्हाय? तुमचा दिस आदी, मग रात. आमची रात आदी, मग दिस. आज सूर्य बुडाला की जुमा लागला. आजची रात ती जुम्याची रात."

तिनं कोंडाजीकडे पाहिलं. उन्हात त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय झालं रं?"

"भाबी," तो म्हणाला. "इसहाक शुक्कुरवारची रात न्हवता म्हनला. शुक्कुरवार म्या केला. तो म्हनला व्हता... जुम्याच्या रातीला जहाज सुटतंय."

तैयबाबीला आधी समजलंच नाही. ती तशीच हसऱ्या तोंडानं त्याच्याकडे बघत राहिली. मग एकदम समजलं. आज. आत्ता सूर्य बुडाला की. तो तिकडे धक्क्यावर उभा आहे, सकाळपासून उभा आहे, आणि सूर्य तर कलायलाही लागला.

काय करायचं होतं तिनं? सांगा. तार करायची? तारेनं जहाज थोडंच थांबतं, आणि ज्याच्या नावे करायची तो आगवाला तिथे धक्क्यावर गर्दीत उभा. पळायचं? कुठे पळायचं? पुढे पाणी. बोट आत्ता आली असती तरी पहाटेशिवाय मुंबई दाखवणार नव्हती. कोंडाजी पाटी खाली ठेवून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, आणि तिला त्याला नको रे म्हणायचंही सुचत नव्हतं. सात वर्षांत पहिल्यांदा बंदर उघडं होतं, वारा शांत होता, निरोप वेळेवर आला होता, माणूस चांगला होता. सगळं असून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात हरिहरेश्वराच्या डोंगराकडून घरघर ऐकू आली.

तैयबाबी ताडकन उठली. गुरुवार. विमान. अजून असर आहे, मगरीबला, सूर्य बुडायला वेळ आहे. एक भात! एका भातात ते मुंबईला उतरतं! तिनं पाटीवरचं पांढरं फडकं हिसडून काढलं आणि ती वाळूतून धावत सुटली. पंचावन्नच्या पुढची बाई, अनवाणी, ओढणी खांद्यावरून घसरलेली, दोन्ही हातांनी फडकं हलवत ती पाण्याच्या कडेनं धावत होती आणि ओरडत होती, "थांबा! अल्लाच्या वास्ते थांबा! मला न्या!" तिच्यामागून कोंडाजी धावला. मुंडासं सोडून तेही त्यानं हलवलं. "ओ विमानवाले! खाली या! वाळू टनक हाय!"

आपण जे करतोय ते वेडेपणाचं आहे हे तिला धावतानाही कळत होतं. पण कळून पाय थोडेच थांबतात?

विमान अगदी खालून आलं. इतकं खालून, की आत बसलेल्या माणसाचं डोकं दिसलं. त्या माणसानंही तिला पाहिलं असावं, कारण विमानानं एकदा उजवा पंख झुकवला, एकदा डावा. किनाऱ्यावर अशी माणसं हात हलवत, आणि तो त्यांना असा सलाम करत असे. वाळूत बसलेल्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला हौस आली. विमान लहान लहान होत उत्तरेला गेलं आणि दिसेनासं झालं.

तैयबाबी ओल्या वाळूत बसली. "तुझ्या पोटात येक मानूस बसला असता," ती त्या रिकाम्या आभाळाला म्हणाली. "येकच."

बोट आली. कोंडाजीनं खालमानेनं विचारलं, "भाबी, आता जायचं का घरला?"

"जायचं तर मुंबैलाच," ती म्हणाली. "जहाजाला बी उशीर व्हतो कवाकवा." फडकं वाळूनं भरलं होतं. ते झटकून तिनं पुन्हा पाटीवर बांधलं, आणि ती पडावात चढली. कोंडाजी गुडघाभर पाण्यात उभा राहून बघत राहिला. तिनं त्याला एका शब्दानंही दोष दिला नाही. तिनं दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बोट उजाडता उजाडता भाऊच्या धक्क्याला लागली. तैयबाबीनं मुंबई पाहिली ती अशी, डोळ्याला डोळा न लागलेली. धक्क्यावर तिच्या बहिणीची लेक मुनिरा उभी होती. ती डोंगरीला दिलेली. आल्यापासून इसहाक तिच्याकडेच जेवायला जाई. मुनिरा एकटीच उभी आहे हे तैयबाबीनं फळीवर पाय ठेवायच्या आधीच पाहिलं, आणि मग विचारायचं काही उरलं नाही. तरी तिनं विचारलं.

"गेलं का गं?"

मुनिरानं मान हलवली आणि तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. तैयबाबीच्या डोळ्यांत मात्र पाणी येईना. डोक्यावर पाटी होती, ती एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं ती मुनिराच्या पाठीवरून थोपटत राहिली.

"काल सकाळपास्नं इथंच हुता, खाला," मुनिरा हुंदके देत म्हणाली. "रजा घेऊन आला हुता सूर्य बुडंपर्यंत. तुमच्याकडची बोट आली, सगळी मानसं उतरली, तरी हा आपला फळी काढंपर्यंत बघतोय. मग म्हनला, आता दुसरी बोट न्हाय, पन मा यील. कशी यील ते म्हनला न्हाय. नुसता बसून ऱ्हायला. मी भाकरी आनली तर खाल्ली न्हाय. म्हनला, मा सांदनं घेऊन यील."

तैयबाबीनं पाटी डोक्यावरून खाली घेतली.

"मग ऊन उतरलं," मुनिरा सांगत होती, "तेवढ्यात तिकडं समुद्राकडनं विमान आलं. ह्याला कोंडाजीनं तुमच्या विमानाचं सांगितलं हुतं, तसा हा ताडकन उठला. मला म्हनतो, मुनिरा, ह्ये बघ, ह्ये आत्ता माझ्या माच्या डोक्यावरनं आलंय. आनि टोपी काढून हलवत सुटला, येड्यासारखा. लोक हसायला लागले. ते पार दिसंनासं झालं तरी ह्याचा हात वरच. मग गोदीत भोंगा झाला आनि पळाला."

उतारू दोन्ही बाजूंनी पुढे जात होते, हमाल ओरडत होते. तिनं पाटीवरच्या फडक्याच्या गाठीवर हात ठेवला. त्यात अजून श्रीवर्धनची वाळू लागत होती.

"ऊन उतरलं तवा?" तिनं विचारलं. "मगरीबच्या आदी?"

"व्हय, खाला. थोडं आदी."

"म्हंजे पोचलं," तैयबाबी म्हणाली, आणि पाटी मांडीवर घेऊन तिथेच धक्क्यावर खाली बसली.